बिटकॉइन व निफ्टी यांच्या तुलनेतील ‘बंद भाव’ : एका संशोधनपद्धतीची चिकित्सा

वाणिज्य व संगणकशास्त्र या दोन्ही शाखांच्या पदव्युत्तर प्रकल्पांत बिटकॉइन आणि निफ्टी यांच्या परताव्यांची तुलना हा विषय आता चांगलाच रुळला आहे. त्यासाठी लागणारे आकडे मिळवणे फारच सोपे झाले आहे. ‘कर्ल’ या कमांड लाइनवरील साधनाला एका ओळीचा आदेश दिला, की बायनान्ससारख्या विनिमय केंद्राकडून शेकडो दिवसांचे भाव क्षणात पडद्यावर उतरतात. या साधनाचा उगमही दरांच्याच गरजेतून झाला. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांना इंटरनेटवरील एका गप्पागटासाठी परकीय चलनांचे दर आपोआप आणावयाचे होते. त्यासाठी त्यांनी दुसऱ्याची एक छोटी आज्ञावली वाढवत नेली. मार्च १९९८ मध्ये तिला आजचे नाव मिळाले.

साधनाविषयी तक्रार नाही. आक्षेप आहे तो त्याने आणलेला दैनिक बंद भाव जसाच्या तसा स्वीकारण्याच्या पद्धतीला.

बिटकॉइनचा बाजार कधीच बंद होत नाही. त्यामुळे ‘बंद भाव’ ही तेथे निव्वळ सोयीची कल्पना आहे. बायनान्स ती आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीशी जोडते. खारघरच्या प्रयोगशाळेतील घड्याळात तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. राष्ट्रीय शेअर बाजाराचे नियमित व्यवहार मात्र आदल्या दुपारी साडेतीनलाच संपलेले असतात. तारीख एक असली तरी दोन भावांत चौदा तासांचे अंतर पडते. परताव्यांचा हिशेब केला तर स्थिती अधिकच बिकट दिसते. निफ्टीचा एका दिवसाचा परतावा दुपारी साडेतीन ते दुपारी साडेतीन असा, तर बिटकॉइनचा पहाटे साडेपाच ते पहाटे साडेपाच असा मोजला जातो. चोवीसपैकी केवळ दहा तास दोघांना सामाईक आहेत.

याचा परिणाम केवळ सहसंबंध क्षीण होण्यापुरता राहत नाही. अमेरिकी शेअर बाजाराचे कामकाज आपल्याकडील संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्रीनंतर संपते. तेथील घडामोडी बिटकॉइनच्या आजच्या तारखेत जमा होतात, निफ्टीच्या मात्र उद्याच्या. मग ग्रेंजर कार्यकारण चाचणी लावली, की बिटकॉइन निफ्टीच्या एक दिवस पुढे चालते, असा आकर्षक निष्कर्ष हाती येऊ शकतो. त्यात बाजाराचे किती आणि घड्याळाचे किती, हे अशा मांडणीतून सांगता येत नाही. शनिवार-रविवारचा प्रश्नही असाच आहे. परतावे आधी काढून नंतर तारखा जुळवल्या, तर निफ्टीच्या तीन दिवसांसमोर बिटकॉइनचा एकच सोमवार उभा राहतो.

यावर उपाय आहे, आणि तो कठीणही नाही. आपली दुपारची साडेतीनची वेळ म्हणजे प्रमाणवेळेचे बरोबर दहा. दैनिकऐवजी ताशी भाव मागवून दहाला संपणाऱ्या तासाचा भाव घेतला, की दोन्ही मालिका एका क्षणावर येतात. (लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त मात्र वेगळा हाताळावा लागतो. तो २०२४ साली संध्याकाळी सहा ते सात होता, तर २०२५ साली दुपारी पावणेदोन ते पावणेतीन.) ताशी भावांसाठी आदेश पुनःपुन्हा द्यावा लागतो, कारण एका वेळी अधिकाधिक १००० ओळी मिळतात, म्हणजे बेचाळीस दिवसांहूनही कमी. संख्या न सांगितल्यास ५०० ओळींवरच उत्तर थांबते, आणि अपूर्णतेची सूचनाही येत नाही.

प्रबंधाचे परीक्षण करताना आदेशाची मूळ ओळ, भाव घेतल्याची वेळ आणि केंद्राकडून आलेले मूळ उत्तर ही तिन्ही परिशिष्टात मागावीत. जानेवारी २०२४ मध्ये बायनान्ससह काही परदेशी केंद्रांच्या पत्त्यांवर भारतात प्रतिबंध आला होता. बायनान्सने वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी केल्याचे त्याच वर्षी जाहीर झाले. मधल्या काळात ज्याने मूळ उत्तर जपून ठेवले नव्हते, त्याच्या आकड्यांची त्याच पत्त्यावरून फेरतपासणी करणे परीक्षकाला सोपे नव्हते.