'थिऑसिस'चा वाद : बाजू घेण्याआधी शब्द तपासा

माझ्या पहिल्या लिटरेचर रिव्ह्यूत मी तीन पेपरमधली 'स्टेबिलिटी' एकाच तक्त्यात मांडली होती. एकात ती उष्णतेतली होती, दुसऱ्यात पाण्यातली, तिसऱ्यात प्रकाशातली. गाईडनी तक्ता न बोलता परत दिला. म्हणून आज तुम्हाला माझ्या विषयाबाहेरचं एक पुस्तक सुचवतेय: ग्रीक ख्रिस्ती परंपरेतल्या दैवीकरणावरचं नॉर्मन रसेल यांचं, २००४ सालचं.

वाद असा. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (१:४) श्रद्धावंत दैवी स्वभावात सहभागी होतात असा विचार येतो. हारनाक या जर्मन इतिहासकाराला दैवीकरणाच्या कल्पनेत मूळ शिकवणुकीत घुसलेला ग्रीक विचार दिसला. ऑर्थोडॉक्स चर्चसाठी मात्र तारणाचा अर्थच तो. (तुम्हाला लगेच 'अहं ब्रह्मास्मि' आठवेल. जरा थांबा, इथे निर्माता आणि निर्मिती यांतला भेद कोणीच पुसत नाही.)

रसेल बाजू घेत नाहीत, आधी शब्द मोजतात. 'थिऑसिस' हा शब्द चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने घडवला. त्याची व्याख्या सहाव्या शतकाच्या सुरुवातीला डायोनिसियसच्या नावावरच्या ग्रंथात आली. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं शब्द व्याख्येविनाच चालला! वापराचे ते तीन प्रकार करतात: नुसती मानाची पदवी, साधर्म्य आणि रूपक. रूपकाचे पुन्हा दोन: आचरणाने देवासारखं होणं, आणि खरोखर सहभागी होऊन बदलणं.

माझी तक्रार इथेच आहे. 'खरोखर बदलणं' रूपकाच्या खणात कसं? आणि जो बाप्तिस्म्याने बदलतो तोच पुढे आचरणही सुधारतो. मग उताऱ्यातलं एखादं वाक्य कुठल्या खणात टाकायचं? रसेल यांचे खण उपयोगी आहेत, पण गळके. तरी हारनाकच्या सरसकट निकालापेक्षा ते बरे, कारण निदान कुठे गळतंय हे दिसतं.

दुसरी उणीव जास्त बोचते. मुख्य विवेचन सातव्या शतकातल्या मॅक्सिमसपाशी थांबतं आणि चौदाव्या शतकातला पालामास उपसंहारात येतो. पण खरी कोंडी त्याच्याकडेच आहे. माणूस देवाच्या शक्तींत सहभागी होतो, तत्त्वात नाही, हे त्याचं म्हणणं १३५१ च्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या सभेने उचलून धरलं. विरोधकांचा प्रश्न सोपा होता: या शक्ती म्हणजे देवच असतील तर देवाचे भाग पडले, नसतील तर सहभाग कशात झाला?

पुस्तक जाडजूड आहे. पहिलं प्रकरण वाचा, मग थेट मॅक्सिमसवरचं. आणि वाचताना प्रत्येक 'दैवीकरण'शेजारी पेन्सिलीने खणाचं नाव लिहीत जा.