रसेल, अंजीर आणि आमच्या बाई

माझा नास्तिकपणा घरगुती स्वरूपाचा आहे. सत्यनारायणाला बसायचं नाही, पण प्रसादाचा शिरा सोडायचा नाही. देवळात पाऊल टाकायचं नाही, पण बायको आत गेली की बाहेर चपला राखत उभं राहायचं. असल्या नास्तिकाला कोणी भीत नाही. उलट ओळखीच्या चार बायका आपल्याही चपला त्याच्यापुढे काढून जातात.

तेव्हा या नास्तिकपणाला थोडी शास्त्रोक्त बैठक असावी, म्हणून मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बर्ट्रांड रसेलचं 'व्हाय आय ॲम नॉट अ ख्रिश्चन' उचललं. मूळचं हे व्याख्यान. ६ मार्च १९२७ रोजी लंडनच्या बॅटर्सी टाऊन हॉलमध्ये दिलेलं. एका बैठकीत वाचून होतं.

"तुम्ही ख्रिश्चन होतात कधी, म्हणून आता का नाही ते वाचताय?" बायकोनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. पण आमच्या शेजारी बाई राहतात. मूळच्या नगरच्या, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळ्या बिल्डिंगच्याच बाई. बाई ख्रिस्ती. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म दोनच वाटांनी आला: लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तून आणि नाताळात बाईंकडून येणाऱ्या करंज्यांच्या ताटातून. येशूविषयी विचारावेसे वाटणारे प्रश्न मी तीस वर्षं त्या करंज्यांबरोबरच गिळत आलो होतो. तेच प्रश्न एका इंग्रजानं भर सभेत विचारलेले पाहून मला केवढं बळ आलं म्हणून सांगू!

रसेल पहिल्या काही पानांत देवाचा निकाल लावतो आणि मग येशूकडे वळतो. माणूस सभ्य, त्यामुळे गुण आधी सांगतो. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करावा, हे त्याला आवडतं. फक्त तेव्हाचे पंतप्रधान बाल्डविन हे सच्चे ख्रिस्ती असले तरी त्यांच्या गालावर हा प्रयोग करायला तो कोणाला सुचवत नाही. दुसऱ्याचा न्याय करू नये, हेही त्याला पसंत आहे. पण आपल्या माहितीतले बरेच न्यायाधीश भाविक ख्रिस्ती आहेत आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही, असं म्हणून तो पुढे सरकतो. इथवर मी खूश होतो. या थपडा येशूला नाहीतच, त्याच्या अनुयायांना आहेत. आणि आपल्याकडच्या भक्तमंडळींनाही त्या माप न बदलता बसतात.

गडबड होते ती पुढे. येशू होऊन गेला की नाही हेच मुळात संशयास्पद आहे, असं एक वाक्य रसेल टाकतो आणि लगेच त्याच्या स्वभावातले दोष मोजायला बसतो. म्हणजे वरच्या खोलीत कोणी राहतच नाही म्हणायचं आणि तो रात्री पाट ओढतो अशी तक्रारही करायची! शिवाय ते पहिलं म्हणणं टिकलेलं नाही. पिलाताच्या अमलात ख्रिस्ताला मृत्युदंड झाला, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला करतो. आणि बार्ट अर्मनसारखा, स्वतः श्रद्धा सोडलेला अमेरिकन अभ्यासकही २०१२ साली अख्खं पुस्तक लिहून सांगतो, की हा माणूस होता. नास्तिकानं पुरावा मागावा हे खरं; पण मिळाला की घ्यावाही.

आता दोष. येशूनं एकाच्या अंगातली भुतं काढून डुकरांच्या कळपात घातली, आणि मार्कच्या हिशेबानं सुमारे दोन हजार डुकरं कड्यावरून पाण्यात बुडाली. सर्वशक्तिमानाला भुतांना नुसतं 'निघा' म्हणता आलं नसतं का, असा रसेलचा सवाल. त्या डुकरांच्या मालकाला भरपाई कोणी दिली, हा माझा मध्यमवर्गीय उपप्रश्न. पण मला खरं लागलं ते अंजिराचं. येशूला भूक लागली, झाडाला नुसती पानं. हंगाम नव्हता, हे मार्क स्वतःच सांगतो. तरी येशूनं झाडाला शाप दिला आणि दुसऱ्या दिवशी ते मुळापासून वाळलेलं दिसलं! पुरंदरच्या अंजिरांवर वाढलेल्या माणसाला हे कसं सहन व्हावं? आमच्याकडे खट्टा बहार असतो, मीठा बहार असतो. भलत्याच वेळी मागितलं तर झाड काय देणार, कपाळ?

न राहवून बाईंकडे गेलो.

"बाई, एक विचारू? रागवायचं नाही."

"तीस वर्षांत गणपतीची वर्गणी सोडून काही विचारलं नाहीत, भाऊ. विचारा."

मी अंजिराच्या झाडाचं वकीलपत्र मांडलं. बाईंनी चष्मा लावला, बायबल उघडून माझ्यापुढे सरकवलं. "शाप दिला आणि झाड वाळलेलं दिसलं, याच्या मध्ये काय आहे ते वाचा."

मध्ये येशू यरुशलेमच्या मंदिरात जातो आणि तिथे मांडून बसलेल्या सराफांचे चौरंग उलथेपालथे करतो.

"बाहेरून हिरवंगार, आणि फळ नाही," बाई म्हणाल्या. "आता गोष्ट झाडाची की देवळाची? पाचवीतल्या पोरांनाही मी मधला परिच्छेद गाळू देत नव्हते. तुमच्या रसेलसाहेबांनी कसा गाळला?"

"म्हणजे झाड खरोखर वाळलं नव्हतं?"

"वाळलं, असं मी मानते."

"मी नाही मानत."

"मग आपण दोघंही होतो तिथेच आहोत. फक्त तुमचा आता पूर्ण धडा वाचून झालाय."

घरी येऊन मी रसेल पुन्हा उघडला. तो ऑडिटरसारखा वाचतो. पावती तपासतो, बाजार कशासाठी केला ते विचारत नाही. काही ठिकाणी त्याचा हिशेब बिनचूक आहे. इथे उभे असलेल्यांपैकी काही जण देवाचं राज्य आलेलं पाहिल्यावाचून मरणार नाहीत, असं येशू सांगतो. ते सगळे मरून गेले, राज्य आलं नाही. पण हेच १९०६ साली अल्बर्ट श्वाइट्झर या ख्रिस्ती धर्मपंडितानं सांगितलं होतं: येशूला अंत जवळ आलासा वाटला, आणि तो आला नाही. एवढं लिहून हा गृहस्थ वैद्यक शिकला आणि १९१३ साली आफ्रिकेत लांबारेनेला दवाखाना काढायला गेला. चूक तीच, ती पाहून एकानं येशूचा रस्ता सोडला, दुसऱ्यानं धरला.

आणि ज्या श्रद्धेवर सगळी इमारत उभी, त्या पुनरुत्थानाकडे रसेल या व्याख्यानात फिरकतच नाही! माझी गाडी तर नेमकी तिथेच अडते. थडग्याशी कोण कोण गेलं, याच्या चार शुभवर्तमानांतल्या याद्या जुळत नाहीत. मार्कच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत तर बायका घाबरून पळून जातात, कोणाला काही सांगत नाहीत, आणि मजकूर तिथेच संपतो. आमच्या सोसायटीच्या सभेची दोन इतिवृत्तंही जुळत नाहीत, कबूल. पण मेलेला सभासद उठून बसल्याचा ठराव सोसायटीत अजून आलेला नाही.

राहिला नरक. कायमच्या शिक्षेवर विश्वास असणं हा येशूच्या नैतिक स्वभावातला फार गंभीर दोष, असं रसेल म्हणतो. हा प्रश्न मला बाईंना विचारायचा नव्हता. कारण मध्ये माझी आई होती. आईच्या शेवटच्या आजारात बाई तीन रात्री तिच्या उशाशी बसल्या होत्या. आईची तुळशीची माळ कॉटखाली पडली, तेव्हा साठी उलटलेल्या बाई गुडघ्यांवर रांगत आत शिरल्या आणि माळ शोधून तिच्या हातात दिली. येशूवाचून पित्याकडे वाट नाही, हे बाईंच्या पुस्तकात लिहिलेलं. मग माळवाली आई कुठे गेली?

म्हणून मी आडून रसेलची दुसरी गोष्ट सांगितली. १९१८ साली युद्धाविरुद्ध लिहिल्याबद्दल त्याला सहा महिन्यांची कैद झाली. तुरुंगाच्या दारावर पहारेकऱ्यानं धर्म विचारला. रसेलनं आपण अज्ञेयवादी असल्याचं सांगितलं. पहारेकऱ्यानं त्याचं स्पेलिंग विचारून घेतलं आणि उसासा टाकून म्हणाला, धर्म पुष्कळ आहेत, पण सगळे एकाच देवाला भजत असतील.

बाई पोटभर हसल्या. मी म्हटलं, "तसं म्हणून तुम्ही मोकळ्या का होत नाही?"

बाई हसायच्या थांबल्या. कोणाविषयी विचारतोय ते त्यांना कळलं होतं.

"तसं म्हणणं सोपं आहे, भाऊ. पण मी ज्याला मानते, त्याचं म्हणणं तसं नाही. पटेल तेवढंच घेतलं तर मी त्याला मानते की स्वतःला? काकूंचं मी त्यालाच विचारते. रोज विचारते."

"काय म्हणतो?"

"अजून काही नाही. पण मी विचारायची थांबत नाही."

यावर रसेलला काय सुचलं असतं, मला ठाऊक नाही. मला काही सुचलं नाही. माझ्या मते आई आता कुठेच नाही. माझी त्याबद्दल खात्री आहे आणि माझ्या खात्रीत कोणाकडे काही विचारायची सोयच नाही. बाईंची श्रद्धा मला आजही पटत नाही. पण माझ्या आईसाठी रोज कोणीतरी देवाशी हुज्जत घालतंय, आणि तो देव नाही असं मी म्हणायचं, यात जरा चमत्कारिक वाटतं खरं.

बाईंनी पुस्तक वाचायला नेलं. आठवड्यानं परत आलं ते लाल पेन्सिलीसकट. बाल्डविनच्या गालापाशी 'छान' असा शेरा. अंजिराच्या झाडापाशी 'मधला परिच्छेद?' आणि नरकाच्या पानावर शेरा नाही, नुसतं एक प्रश्नचिन्ह. माझंही तिथेच होतं, निळ्या शाईचं.