क्रौर्य सिद्ध झालं, माणूस नाही : दोन निकालांचं वाचन

मित्रहो, न्यायदर्शनातलं ते नेहमीचं उदाहरण तुम्हाला ठाऊकच आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. अनुमान पक्कं आहे. पण तो अग्नी कोणी पेटवला? ते काही धूर सांगत नाही. धूर कितीही दाट असला तरी नाही. एवढा एकच भेद मनात ठेवून आज आपण सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल वाचू या. एक ३० एप्रिल २००९ चा, दुसरा ५ मार्च २०१९ चा. प्रकरण तेच, पुरावाही तोच.

घटना नाशिक जिल्ह्यातली, ५ जून २००३ च्या रात्रीची. शेतातल्या एका घरात दरोडेखोर घुसले. थोडी रोकड आणि दागिने लुटले, पाच जणांचा जीव घेतला, बलात्कार केले. घरातले दोघे जखमी होऊन वाचले. पकडले गेले ते सहा जण, भटक्या जमातीतले, अत्यंत गरीब. या प्रकरणाचा धागा आपल्या भोकरदनपर्यंत येतो, म्हणून जालन्यात बोलताना ते परकं वाटायचं कारण नाही.

आता फाशीची वाट कशी चालते ते पाहा. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप काढून पुन्हा फाशी दिली. म्हणजे उच्च न्यायालयाच्या पायरीवर कमी झालेला दोर सर्वोच्च न्यायालयाच्या पायरीवर पुन्हा वाढला!

२००९ च्या निकालाबद्दल माझी तक्रार अशी आहे. गुन्हा अमानुष होता, याबद्दल दुमत कोणाचंच नाही. पण गुन्ह्याची अमानुषता हे गुन्हा झाल्याचं वर्णन आहे, तो अमक्याने केल्याचा पुरावा नव्हे. वाचताना मन थरारतं, आणि तो थरार नकळत समोर उभ्या असलेल्या माणसाला जाऊन चिकटतो. तर्कशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. दिसतो हेतूसारखा, पण सिद्ध काहीच करत नाही.

शिक्षेच्या बाबतीतही तेच. १९८० च्या बच्चनसिंग निकालाने 'दुर्मिळातल्या दुर्मीळ' प्रकरणातच फाशी, असं सांगितलं. आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहा, त्याचं वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता तपासा, असंही सांगितलं. इथे सहा जणांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. माणूस पाहिला असता तर निदान एवढं तरी दिसायला हवं होतं की नाही?

आता दुसरा निकाल. २०१४ पासून फाशीच्या प्रकरणातल्या पुनर्विलोकन याचिका खुल्या न्यायालयात, किमान तीन न्यायमूर्तींसमोर ऐकल्या जातात. या प्रकरणातला २००९ चा निकाल २०१८ मध्ये मागे घेतला गेला आणि अपिलं नव्याने ऐकली गेली. न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. शाह यांनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण काय, तर बचावलेल्या साक्षीदार बाईंनी घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांवर खटलाच चालला नाही. हा कागद २००३ पासून तिथेच होता, बरं का. तो नवा सापडला नाही, नव्याने वाचला गेला.

न्यायालयाने आरोपींना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं, चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं, आणि त्या चौघांबाबत पुढचा तपास करा म्हणून सांगितलं. सोळा वर्षांनी!

इथे कोणी म्हणेल, "सर, शेवटी सुटले ना? म्हणजे व्यवस्था चालते." हा युक्तिवाद मला मान्य नाही. ते सुटले, कारण तोवर जिवंत होते. मधल्या काळात फाशी झाली असती, तर २०१९ चा निकाल कोणासाठी लिहायचा? शिवाय भटक्या जमातींवर १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला. शिक्का कागदावरून गेला, नजरेतून गेला नाही. दरोडा म्हटलं की कोणाच्या पालावर आधी गाडी जाते, हे मराठवाड्यातल्या माणसाला मी सांगायला नको.

जोशी-अभ्यंकर खून प्रकरणात १९८३ मध्ये येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्याचा दाखला मला नेहमी दिला जातो. त्या खटल्यात दोषाबद्दल शंका नव्हती, असं धरून चालू. पण एका प्रकरणातली खात्री दुसऱ्याला उसनी देता येत नाही. प्रत्येक खटल्याने आपला पुरावा आपणच कमवायचा असतो.

आणि ज्यांची माणसं गेली, त्यांचं काय? चुकीच्या माणसाला फाशी सुनावली की सगळ्यात आधी फसवणूक होते ती त्यांची. न्याय मिळाला असं सांगून त्यांना घरी पाठवलं जातं, आणि ज्यांनी ती रात्र घडवली ते मोकळे राहतात. म्हणून फाशीच्या बाजूचे असा की विरोधातले, निकाल वाचताना विशेषणांवर बोट ठेवून एक प्रश्न विचारा. हे गुन्ह्याबद्दल आहे, की या माणसाबद्दल?