मुक्त प्रणाली आणि सोलापूरची चिमणी

‘एक्ससीसोअर’ ही ग्लायडर आणि पॅराग्लायडर चालवणाऱ्यांसाठीची संगणकप्रणाली. माइक रॉबर्ट्स यांनी ती विक्रीसाठी तयार केली होती. 2005 मध्ये ती जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुली झाली. आधी ती आयपॅकसारख्या खिशातल्या संगणकांवर चाले. आता अँड्रॉइड फोनवर चालते. इंजिन बंद वा नसलेले विमान हातातल्या उंचीवर, वाऱ्याचा हिशोब धरून, कुठवर पोचेल याची सीमारेषा ती नकाशावर आखते. तिच्यातूनच पुढे ‘एलके8000’ ही वेगळी प्रणाली निघाली. एकाचे काम दुसऱ्याने उघडपणे पुढे न्यावे, हा मुक्त परवान्याचा मोठाच लाभ.

या प्रणालीचे कौतुक बहुधा इथेच थांबते. पण पडद्यावर दिसते त्यातले प्रणालीचे किती आणि तिला पुरवलेल्या माहितीचे किती, हे तपासल्याशिवाय तिचे मूल्यमापन पुरे होत नाही. त्यासाठी सोलापूरची चिमणी ही चांगली कसोटी आहे.

होटगी रस्त्यावरच्या विमानतळाजवळ सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे 90 मीटर उंच चिमणी उभी होती. विमानसेवेच्या आड येते म्हणून, सभासद शेतकऱ्यांचा विरोध असताना, 15 जून 2023 रोजी ती पाडण्यात आली. जून 2025 मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. प्रवासी विमानांचे वैमानिक अशा प्रणालीवर विसंबत नाहीत; पण हौशी वैमानिकाच्या हातातल्या पडद्यावर ही चिमणी दिसली असती का?

आपोआप तर नक्कीच नाही. अशा प्रणालींतली जमिनीची उंची मुख्यतः फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एन्डेव्हर’ यानातून 11 दिवसांत झालेल्या रडार-मोजणीतून येते. चिमणी त्यानंतरची. शिवाय या मोजणीत जमीन चौकटींत विभागलेली असते आणि प्रत्येक चौकटीला एकच उंची मिळते. डोंगर त्यात उमटतो. बारीक चिमणी हरवते. ती दाखवायची तर स्थळांच्या फाइलीत कुणीतरी स्वतः एक ओळ लिहायला हवी.

तिथेही अडचण आहे. सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘कप’ फाइलीतली खुणांची यादी युरोपात घडली. तिच्यात किल्ला, धरण, बोगदा, शीतकरण मनोरा यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला खूण मिळते. कारखान्याच्या चिमणीला वीजकेंद्राची किंवा मनोऱ्याची खूण उसनी घ्यावी लागते. ऊसपट्ट्यात दुरून सर्वांत आधी चिमणीच दिसते, हे त्या यादीला ठाऊक नाही.

ओळ लिहिली तरी काम संपत नाही. चिमणी उभी असताना नकाशात नसणे धोक्याचे, तर पडल्यावरही नकाशात राहणे दिशाभूल करणारे. खाली पाहून दिशा ठरवणारा वैमानिक ती शोधत राहील. कसलीही हमी नाही, असे जीपीएल परवाना स्पष्ट सांगतो. हा प्रामाणिकपणा आहे, पण त्यामुळे जबाबदारी वापरणाऱ्यावर येते.

दुरुस्तीचा हक्क परवान्याने दिला. दुरुस्ती करणारा माणूस तो देऊ शकत नाही. ती ओळ लिहिणारा आणि वेळेवर खोडणारा माणूस सोलापूरचाच असावा लागेल. तो मिळेपर्यंत ही प्रणाली मुक्त असूनही आपल्या मुलखापुरती अपुरीच राहील.