राक्षस खोटा, सांगाडा खरा

विज्ञानाच्या मासिकात चित्रपटांतल्या राक्षसांच्या पुतळ्यांचे परीक्षण कशाला, असे काही वाचक विचारतील. पण हे पुतळे आपण बोलावण्याची वाट पाहत थांबलेले नाहीत. जत्रेतल्या दुकानांत, मुलांच्या दप्तरांत आणि शाळेच्या प्रदर्शनांत ते केव्हाच येऊन पोचले आहेत. डायनोसॉर कसा होता हे मूल धड्यातून वाचण्याआधी वीतभर लांबीच्या रबरी पुतळ्यावरून शिकते. म्हणजे तो पुतळा घडवणारा कारागीर हाच त्या मुलाचा प्राणिशास्त्राचा पहिला शिक्षक ठरतो. मग त्याची शिकवणी बरोबर आहे की नाही, हे आपण पाहायला नको का?

राक्षस मुळातच कल्पित, त्याला चूक-बरोबर कसे लावायचे, असाही एक आक्षेप असतो. आम्हांला तो मान्य नाही. कल्पित प्राण्यालाही पृथ्वीवरच उभे राहायचे असते. म्हणून पुतळा हाती आला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. याचे वजन कुठे पडते? याचे सांधे कुठे आहेत? याची कातडी अशी का आहे? ज्या पुतळ्यापाशी या प्रश्नांची उत्तरे आहेत तो चांगला. मग तो प्राणी कधी अस्तित्वात असो वा नसो.

पडद्यावरचा राक्षस घडवण्याची कला आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात शिल्पकलेचेही शिक्षण घेतले होते. १९१९ सालच्या त्यांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये बालकृष्ण ज्या सर्पाशी झुंजतो, तो घडवलेलाच होता. त्याआधी १९१२ साली त्यांनी कुंडीतल्या बीजाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून, काही दिवसांचा प्रवास काही क्षणांत दाखवणारी लहानशी फिल्म केली होती. एकेक चित्र वेगळे घ्यायचे आणि सलग दाखवायचे, ही तिच्यामागची युक्ती. याच युक्तीने वाटाण्याचा अंकुर वर येतो आणि याच युक्तीने बाहुलीतला राक्षस चालू लागतो.

१९३३ सालचा ‘किंग काँग’ हे या कलेचे अजूनही उत्तम उदाहरण आहे. विलिस ओब्रायन यांच्या योजनेप्रमाणे मार्सेल डेलगाडो यांनी काँगच्या सुमारे १८ इंच उंचीच्या बाहुल्या घडवल्या. एक इंच म्हणजे एक फूट असे प्रमाण धरले, की जंगलातला काँग १८ फुटांचा होतो. डेलगाडो यांचे खरे कसब आत दडलेले आहे. त्यांनी आधी सांधे फिरतील असा धातूचा सांगाडा केला, त्यावर स्नायूंचे आकार बसवले आणि सर्वांत शेवटी सशाची फर चढवली. त्यामुळे हात वर गेला की खांदाही हलतो. दर सेकंदाच्या २४ चित्रांसाठी बाहुलीला पुनःपुन्हा बोटे लागत, आणि त्या बोटांनी विसकटलेली फर पडद्यावर थरथरताना दिसते. ती चूकच, पण सांगाडा पक्का असल्यामुळे प्रेक्षक ती सहज पोटात घालतो.

सांध्यांच्या प्रश्नात काँग पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो. वजनाच्या प्रश्नात मात्र नापास होतो. खरा नर गोरिला उभा राहिला तर सहा फुटांच्या आत-बाहेर भरतो आणि त्याचे वजन साधारण १६० किलो असते. त्याला प्रत्येक बाजूने तिप्पट करा. उंची १८ फूट होईल. पण वजन ३ × ३ × ३, म्हणजे २७ पट होऊन ४,३२० किलोवर जाईल. ते हत्तीचे वजन झाले. पायाच्या हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र ३ × ३, म्हणजे ९ पटच वाढेल. हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर तिप्पट भार येईल. हत्ती हा भार पेलतो, कारण त्याचे पाय खांबांसारखे जाड आणि सरळ आहेत. काँगला हत्तीचे वजन मिळाले, पाय मात्र वानराचेच राहिले. हा नियम गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात मांडला. आयुष्याची अखेरची वर्षे भारतात काढलेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली एका सुरेख निबंधात तो प्राणिसृष्टीला लावून दाखवला.

दुसरा पुतळा ‘गोजिरा’चा, आपण त्याला गॉडझिला म्हणतो. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरच्या खलाशांवर पडली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हा चित्रपट जपानमध्ये झळकला. तेइझो तोशिमित्सु यांनी आधी मातीचे नमुने केले आणि त्यांवरून माणसाने आत शिरून चालायचा जड रबरी पोशाख तयार झाला. धड टायरॅनोसॉर आणि इग्वानोडॉन यांचे, पाठीवरचे पत्रे स्टेगोसॉरचे. पन्नास मीटरच्या प्राण्यासाठी भोवतीचे शहर १/२५ प्रमाणात उभारले होते.

या प्राण्याच्या बाबतीत वजनाचा हिशेब विचारूच नये. पंचवीसपट मोठ्या देहाच्या हाडांवर पंचवीसपट ताण येईल आणि पहिल्या पावलातच तो कोसळेल. तरीही आम्ही त्याला मान देतो, तो तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी. त्याची कातडी खवल्यांची नाही. ती खडबडीत आणि वळ उठल्यासारखी आहे. अणुबाँबमधून वाचलेल्या माणसांच्या अंगावरचे भाजल्याचे व्रण तिच्यात पाहिले जातात. हा राक्षस आपण कुठला तरी प्राणी असल्याचा दावा करत नाही. आपण माणसांच्या एका कृत्याची आठवण आहोत, असे तो सांगतो. त्याचा पुतळा नुसता हिरवा रंग फासून आणि दात मोठे करून विकला जातो, तेव्हा त्यातली ही गोष्टच निघून जाते. म्हणून कातडी गुळगुळीत असलेला गॉडझिलाचा पुतळा आम्ही अपयशी मानतो.

आता तिसरा पुतळा, आणि आमची खरी तक्रार त्याच्याबद्दल आहे. १९९३ साली ‘जुरासिक पार्क’ आला आणि पुढच्या वर्षी तो हिंदी बोलत आपल्या गावोगावी पोचला. स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने घडवलेला पूर्ण आकाराचा टायरॅनोसॉर हा शिल्पकलेचा आणि यंत्रकलेचा असामान्य नमुना आहे, यात शंका नाही. पण त्यातला व्हेलॉसिरॅप्टर पाहा. चित्रपटात तो माणसाएवढा उंच आहे. मंगोलियात सापडलेला खरा व्हेलॉसिरॅप्टर कमरेपाशी जेमतेम अर्धा मीटर उंच होता. लांबी दोन मीटरच्या आत, वजन वीस किलोच्या आसपास. २००७ साली त्याच्या पुढच्या पायाच्या हाडावर पिसे रोवल्याच्या खुणा आढळल्या. तेव्हा तो एखाद्या मोठ्या टर्कीसारखा, पिसांचा प्राणी होता.

१९९३ साली पिसांचा पुरावा हाती नव्हता, त्यामुळे तो दोष मूळ चित्रपटाला देणे अन्यायाचे होईल. आकार मात्र तेव्हाही माहीत होता. तो कथेसाठी वाढवला गेला. शिवाय २००७ नंतरही बाजारात नवे पुतळे येत राहिले, ते उघड्या कातडीचे आणि तळवे जमिनीकडे वळवलेले. त्या प्राण्याचे मनगट तसे वळतच नव्हते. टाळी वाजवताना असतात तसे त्याचे तळवे समोरासमोर असत. गोजिराला पाहून कोणी हा खरा प्राणी असे म्हणत नाही. रॅप्टर मात्र खऱ्या प्राण्याचे नाव लावून आणि विज्ञानाचा पोशाख घालून येतो. मूल त्यावर विश्वास ठेवते. आमच्या मते या तिघांत सर्वांत खोटा पुतळा हाच.

जत्रेतल्या स्वस्त टायरॅनोसॉरचीही एक गंमत आहे. तो अजून शेपूट जमिनीला टेकवून ताठ उभा असतो. शास्त्रज्ञांनी ही ठेवण केव्हाच सोडून दिली; तो प्राणी पाठ आडवी ठेवून आणि शेपूट मागे तोलून चालत होता. मग खेळण्यात जुनी ठेवण का टिकली? कारण दोन पाय आणि शेपूट मिळून तिवई होते आणि खेळणे पडत नाही. इथे प्राण्याची शरीररचना ठरवली ती दुकानाच्या फळीने!

टीका पुरे, आता उपाय पाहू. दिवा-रोहा लोहमार्गावर नागोठणे आणि रोहा यांच्यामध्ये निडी नावाचे लहानसे स्थानक आहे. याच मार्गावर मागे पेण आणि हमरापूर लागतात. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातले गणपतीचे कारखाने सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. निडीसारख्या गावातल्या शिक्षकाला शाडूची माती आणि ती हाताळणारी माणसे रेल्वेच्या थोड्याशा प्रवासावर मिळतात. परदेशी हौशी कारागिराची महागडी सामग्री त्याला नको आहे.

गणपतीची मूर्ती आम्ही राक्षसांच्या पंक्तीत बसवत नाही. पण माणसाच्या धडावर हत्तीचे मस्तक तोलणे हा प्रश्न पेणच्या मूर्तिकाराने पिढ्यान्‌पिढ्या सोडवला आहे. शाडूची सोंड अधांतरी ठेवली तर मोडेल, म्हणून ती पोटाला किंवा हातातल्या मोदकाला टेकते. बैठक रुंद असते. ओल्या मातीत तार घातली तर माती सुकताना आकसते, तार आकसत नाही आणि तडा जातो. हे त्याला पुस्तकाशिवाय माहीत असते. रायगड जिल्ह्यातल्याच सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर गणपती घडवणाऱ्या घरातून आले आणि देशातले मोठे शिल्पकार झाले. पुण्यातला त्यांचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ सालचा. त्या घोड्याच्या स्नायूंत आणि सांध्यांत जे ज्ञान आहे, तेच डेलगाडो यांच्या काँगमध्ये आहे.

मात्र साच्यात ओतलेल्या मूर्तीतून हे ज्ञान हातात येत नाही. प्लास्टर पाण्याशी रासायनिक संयोग पावून काही मिनिटांत घट्ट होते आणि साचा देईल तो आकार मुकाट्याने घेते. साचा भरणाऱ्याला तोल शोधावा लागत नाही. माती हळूहळू सुकते, वाकते, चूक दाखवते. आणि पुन्हा भिजवली की नव्या राक्षसासाठी तयार होते. म्हणून वर्गासाठी शाडूच घ्यावी, असे आम्ही सुचवतो.

शिक्षकांनी दोन प्रयोग करून पाहावेत. पहिला: मुलांनी आपापला चार पायांचा राक्षस तीन मापांत करावा, दुसरा पहिल्याच्या सर्व बाजूंनी दुप्पट आणि तिसरा तिप्पट. मातीचा घट्टपणा सारखाच ठेवावा. कोणत्या मापाला पाय बसू लागतात ते नोंदवावे, आणि तो उभा राहण्यासाठी पाय किती जाड करावे लागले ते पट्टीने मोजावे. गॅलिलिओचा नियम मुलांच्या हातांना कळेल. दुसरा: आडव्या पाठीचा, दोन पायांवरचा टायरॅनोसॉर शेपूट न टेकवता उभा करावा. तो तोंडावर पडतो. मग शेपटीत माती घालत जावे. गुरुत्वमध्य पायांच्या वर आला की तो उभा राहील. शेपूट कशासाठी होती, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

शाळेच्या प्रदर्शनात अशा पुतळ्यांना बक्षीस मिळते ते बहुधा रंगाला आणि चकाकीला. दहा गुणांपैकी रंगाला दोन ठेवावेत. उरलेले आठ मुलाने वजन, सांधे आणि कातडी यांबद्दल दिलेल्या उत्तरांना द्यावेत. यात केवळ गुणांचा प्रश्न नाही. कारखान्यांच्या या पट्ट्यात अशीही मुले आहेत, की ज्यांच्या घरी गणपतीच्या आधीचे महिने रात्रीचा दिवस होतो. त्यांच्या हातांना तोल कळतो, आकसणे कळते, प्रमाण कळते. ‘गुरुत्वमध्य’ हा शब्द परीक्षेत लिहिता आला नाही म्हणून ती विज्ञानात कच्ची ठरतात. या हातांचे ज्ञान वर्गात आले, तर इतर मुलांचेही शिकणे पक्के होईल.

राक्षस कुठला करायचा, असे मुलांनी विचारले तर परदेशात जायचे कारण नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला लांब मानेच्या एका शाकाहारी डायनोसॉरची हाडे मिळाली. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. २००३ साली त्याला ‘इसिसॉरस’ हे नाव मिळाले, ते ‘इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट’च्या आद्याक्षरांवरून. त्याचे पाय खांबांसारखे करावे लागतील. ते का, याचे उत्तर प्रयोग केलेली मुले स्वतःच देतील.