‘मुळे’ ह्या शब्दयोगी अव्ययाचा अधिकार

आरोग्यविषयक मराठी लेखनात ‘मुळे’ हे अव्यय ज्या सढळपणे योजिले जाते, ते पाहता त्याच्या पोटी ‘मूळ’ हा शब्द आहे ह्याचे लेखकांस विस्मरण झाले असावे. नांदेड जिल्ह्यातील काही गावांत कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आढळते. समजा, एखाद्या पाहणीत असे दिसले की, ज्या गावांत फ्लोराइड अधिक, त्या गावांत रक्तक्षयही अधिक. ‘ज्या–त्या’ची ही रचना मराठीच्या अंगची असून ती सहचाराहून अधिक काही सांगत नाही. सारांशात मात्र तिचे ‘फ्लोराइडमुळे रक्तक्षय’ असे रूपांतर होते. हा फरक शैलीचा नव्हे, पुराव्याचा आहे. खोल कूपनलिकेवर विसंबणारे गाव पुष्कळदा कोरडवाहू असते व तेथील आहारही निकृष्ट असणे संभवते. रोगाचे मूळ पाण्यात की ताटात, हे त्या पाहणीवरून ठरत नाही. आणि कूपनलिका बंद करावयाची की लोहाच्या गोळ्या वाटावयाच्या, हे तर त्यावरच अवलंबून!

अशा प्रमादास ‘काकतालीय’ म्हणण्याचा प्रघात यथार्थ नव्हे. काकतालीयात केवळ योगायोग असतो. येथे संबंध खरा, पण तिसऱ्याच कारणातून उद्भवलेला असू शकतो. नैयायिकांचे कुंभाराचे गाढव येथे अधिक उपयोगी पडते : मडक्यापूर्वी ते हजर असते, तथापि ते अन्यथासिद्धच.

निरीक्षणावरून ‘मुळे’ कधीच म्हणू नये, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. दातांवरील डाग फ्लोराइडच्या मात्रेबरोबर वाढतात. दात घडण्याच्या वयात ते पाणी प्यालेल्यांनाच ते पडतात. प्रौढपणी त्या गावी राहावयास आलेल्यांना पडत नाहीत. दारिद्र्य असा वयाचा भेद करीत नाही. ब्रॅडफर्ड हिल ह्यांनी १९६५ साली मांडलेल्या कसोट्यांपैकी मात्रेची कसोटी येथे स्पष्टच लागू पडते.

जेथे असा सुगावा नसतो, तेथे वाटणीच योजावी लागते. लातूरलगतच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांची यदृच्छेने चार गटांत विभागणी झाली. कारण आपण होऊन तपासणीस येणारी स्त्री शिक्षणाने वा ऐपतीने मुळातच निराळी असू शकते. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीची सेवा मिळणाऱ्या गटात ६४. येथे ‘चाचणीमुळे’ म्हणण्याचा अधिकार प्राप्त झाला. पेशीतपासणी व आम्ल लावून केलेली दृश्यतपासणी ह्या उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. केवळ स्वेच्छेने आलेल्या स्त्रियांची गणना केली असती, तर कदाचित त्या दोहोंपुढेही ‘मुळे’ बिनदिक्कत लागले असते.