अरुंद फीत आणि रुंद पडदा

चित्रपटावर आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात कथानक, अभिनय आणि संगीत यांचा परामर्श भरपूर असतो. पण ज्या चौकटीतून हे सारे आपणांस दिसते, तिच्या आकाराचा विचार क्वचितच आढळतो. कवितेची चर्चा करावी आणि वृत्ताचे नावही काढू नये, तसाच हा प्रकार होय. १६ मिलिमीटरच्या किंवा सुपर ८ च्या अरुंद फितीवर ॲनामॉर्फिक भिंग लावून छोटे चित्रपट काढण्याची हौस आज जगभरच्या होतकरू दिग्दर्शकांत आढळते. हे केवळ यंत्रवेड्यांचे खूळ आहे की त्यात कलेचा काही प्रश्न गुंतला आहे, हे तपासून पाहणे टीकाकाराचे काम आहे.

प्रथम यंत्राची गोष्ट सांगितली पाहिजे. १६ मिलिमीटरची फीत १९२३ साली कोडॅक कंपनीने हौशी लोकांसाठी बाजारात आणली आणि सुपर ८ ही त्याहून अरुंद फीत १९६५ साली आली. १६ मिलिमीटरच्या फितीवर एका चित्रास मिळणारी जागा सुमारे १०.२६ मिलिमीटर रुंद व ७.४९ मिलिमीटर उंच, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. सुपर ८ ची तर सहा मिलिमीटर रुंदही नाही. एवढ्याशा जागेतून रुंद पडदा भरावयाचा तर मार्ग दोनच. एक, चित्राचा वरचा व खालचा भाग कापून टाकणे. पण ज्याच्याजवळ मुळातच चार गुंठे जमीन, त्याने त्यातली दोन पडीक टाकावी, असा हा व्यवहार आहे. दुसरा मार्ग ॲनामॉर्फिक भिंगाचा. हे भिंग समोरचे दृश्य आडव्या अंगाने दाबून फितीवर उतरविते, आणि प्रक्षेपणाच्या वेळी तशाच दुसऱ्या भिंगाने ते पुन्हा पसरविले जाते. या तत्त्वावरचे चित्रपटाचे भिंग आंरी क्रेतियँ या फ्रेंच प्राध्यापकाने १९२० च्या दशकात सिद्ध केले होते. परंतु टेलिव्हिजनमुळे अमेरिकेतील प्रेक्षक घरी बसू लागला, तेव्हा कुठे हॉलिवूडला त्याची आठवण झाली, आणि १९५३ साली 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट पडद्यावर आला.

अरुंद फितीच्या दृष्टीने या भिंगाचा पक्ष बळकट आहे, यात शंका नाही. त्यात फितीचा कणही वाया जात नाही. मात्र निसर्ग काही फुकट देत नाही. फितीवरचे रासायनिक कण पडद्यावर आडवे ताणले जातात. दुप्पट दाबणारे भिंग १६ मिलिमीटरला लावले तर उंचीच्या पावणेतीनपट रुंद असे पट्टीसारखे चित्र तयार होते, म्हणून जाणकार दीडपट दाबणारे भिंग पसंत करतात. शिवाय जुन्या जोडभिंगांत मूळ भिंग आणि पुढचे जोडभिंग या दोहोंचा फोकस स्वतंत्रपणे साधावा लागतो. माणूस उभा असेल तोवर हे ठीक. तो कॅमेऱ्याकडे धावत निघाला की छायाचित्रकाराची त्रेधा उडते. अरुंद फितीचा मोठा गुण तिची चपळाई. हलका कॅमेरा खांद्यावर टाकावा आणि माणसांत मिसळावे, यासाठी ती आहे. जड भिंग नेमका तोच गुण हिरावून घेते.

मग या सौद्यात रुंदी कशासाठी विकत घ्यावयाची? पुष्कळांचे उत्तर असे की विस्तीर्ण भूप्रदेश दाखविण्यासाठी. अहमदनगर जिल्ह्याने, म्हणजे आजच्या अहिल्यानगरने, या उत्तराची परीक्षा सहज होते. पाथर्डी, कर्जत, जामखेडकडचे अवर्षणाचे माळ पाहिले की आडवी चौकट तेथे आपण होऊनच सुचते. पण त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्याच्या शिवेवर कळसूबाई १,६४६ मीटर उंच उभी आहे, आणि खाली रंधा धबधब्यात प्रवरा सरळ कोसळते. तेथे रुंद चौकट डोंगराचा माथा तरी कापील, नाही तर पायथा तरी. म्हणजे एका जिल्ह्याच्या भूगोलालाही एक भिंग पुरत नाही. क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले. चौकटीच्या बाबतीतही निर्णय त्याच कसोटीवर व्हावयास हवा. प्रकाशाची आडवी निळसर रेघ आणि मागच्या दिव्यांचे लांबोळे ठिपके ही या भिंगाची खूण आहे. तेवढ्यासाठीच जो ते वापरतो, तो यमकासाठी कविता लिहिणाऱ्याच्या पंगतीला बसतो.

भूप्रदेशाहून खोल असा रुंदीचा एक उपयोग आपल्याच चित्रपटसृष्टीने दाखवून दिला आहे. १९५९ साली आलेला गुरुदत्त यांचा 'कागज़ के फूल' हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याचे मर्म रणांगणांत किंवा अरण्यांत नसून एका ओसाड स्टुडिओत आहे. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी वरून उतरणारा प्रकाशाचा झोत आणि भोवतालचा अंधार यांत दोन माणसे अशी ठेवली आहेत की त्यांच्यामधली रिकामी जागाच बोलू लागते. येथे रुंदी हे अंतराचे माप झाले आहे. दोन माणसे एकाच चौकटीत आहेत आणि तरीही एकमेकांस पोचत नाहीत, हे सांगण्यास रुंद पडद्यासारखे साधन नाही.

अंतर हा शब्द महाराष्ट्रातील खेड्याला लावला की त्याला वेगळीच धार येते. गावकूस हे आपल्या समाजाने शतकानुशतके आखलेले अंतर होय. ज्यांनी ते पडद्यावर आणले ते नागराज मंजुळे अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्र शिकले. शाळेची ओढ लागलेल्या एका पारधी मुलाची कथा सांगणाऱ्या त्यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटास २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचा सन्मान मिळाला. पुढे २०१३ च्या 'फँड्री'त एक दृश्य आहे: पकडलेले डुक्कर काठीला बांधून जब्याचे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते आणि त्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई फुले आदी समाजसुधारकांची चित्रे रंगविलेली आहेत. पुढे ओझे आडवे सरकते, मागे आदर्श निश्चल उभे राहतात. संवादाची एक ओळही न खर्चिता सांगितलेले हे अंतर आहे. ते कोणत्या भिंगाने टिपले हा प्रश्न येथे गौण ठरतो. कारण रुंदी प्रथम दिग्दर्शकाच्या दृष्टीत होती, काचेत ती नंतर आली.

आणखी एक पक्ष प्रेक्षकाचा. ॲनामॉर्फिक चित्र पुरे होते ते पाहणाऱ्यापाशी. प्रक्षेपकाला उलट भिंग नसेल, तर पडद्यावरची माणसे काठीसारखी लांबट व किडकिडीत दिसतात. महाराष्ट्रातील जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूच्या सिनेमाचे अखेरचे दिवस शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या २०१६ च्या माहितीपटात नोंदले गेले आहेत. तो पाहताना लक्षात येते की मोडकी यंत्रे सांभाळणारी ती माणसेही चित्रपटाची अर्धी कर्तीच होती. आज अरुंद फितीवर काढलेले चित्र बहुधा संगणकात उलगडले जाते, ही सोय खरी. तरीही निर्मात्याने दाबलेले कोणीतरी उलगडावयाचे असते, हे तत्त्व बदललेले नाही. आणि बहुतेकांच्या हातातला तळहाताएवढा पडदा त्या रुंदीची पुन्हा बारीक चिंधी करतो, याचाही विचार केलेला बरा.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. ज्या कथेत दोन माणसांमधले, माणूस व माळ यांमधले, अथवा वाडा व वस्ती यांमधले अंतर हाच आशय आहे, तिच्यासाठी अरुंद फितीवर हे भिंग लावण्याची खटपट सार्थ होय. जेथे मुले धावतात, जेथे चेहऱ्याजवळ जावयाचे आहे, तेथे साधे भिंग आणि मोकळा खांदा बरा. जिल्ह्याच्या गावी बसून, गाठीच्या पैशांत चित्रपट काढू पाहणाऱ्या तरुणाने भिंगासाठी पैसे मोजण्यापूर्वी एवढेच स्वतःस विचारावे की आपल्या चौकटीच्या दोन टोकांस कोण उभे आहे. तेथे कोणी नसेल, तर जगातले सर्वोत्तम भिंगही रिकामी जागाच रुंद करील. आणि असेल, तर नखाएवढी फीतही ते सारे अंतर सामावून घेईल.